शेजारच्या सीटचा ब्रेक

गाडीची दारं दोनदा वाजायची. आधी एक, मग जरा थांबून दुसरं. पहिलं लॉन्ड्रीवाल्याच्या बायकोच्या बाजूचं, दुसरं शिट्टीचं. दुकानात इस्त्री फिरवता फिरवता लॉन्ड्रीवाल्याला त्या दोन आवाजांमधला वेळ मोजायची सवय लागली होती. तेवढ्या वेळात शिट्टी काय करतो ते त्याला पाठ होतं. टॉवेलाची घडी करून तिच्या कमरेमागे सारतो, पट्टा लावून देतो आणि काहीतरी बोलतो. काय बोलतो ते तेवढं कळत नसे. बायको हसते, एवढं मात्र ऐकू यायचं.

शिट्टी हा ट्रेनिंग स्कूलमधला तिचा सहकारी. शिकाऊ माणूस चुकला की हा ओरडत नसे, बारीकशी शिट्टी मारायचा, म्हणून हे नाव पडलं. पन्नाशीला टेकलेला, सडपातळ, एकटा जीव. आणि डोक्यावरचे सगळे केस जागच्या जागी, हे लॉन्ड्रीवाल्याला विशेष खुपायचं. शिट्टी लॉन्ड्रीवाल्याला 'दादा' म्हणायचा आणि तिला 'मॅडम'. तिला ताई म्हणायला याचं काय जातं, असं लॉन्ड्रीवाल्याच्या कितीदा मनात येऊन गेलं होतं.

बायको एकोणीस वर्षं लोकांना गाडी शिकवत होती. तिला सगळे ब्रेकबाई म्हणत, कारण एकोणीस वर्षांत तिच्या एकाही विद्यार्थ्याने कुणाला साधं खरचटवलं नव्हतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, आणि तिचा पाय त्या ब्रेकवर वेळेआधी अर्धा सेकंद पडायचा. ती गाडी घराखालीच उभी असायची, लॉन्ड्रीच्या दारात. छतावर 'शिकाऊ'चा फलक. लॉन्ड्रीवाल्याला स्वतःला गाडी येत नव्हती. लग्नानंतर तिने एकदा विचारलं होतं, शिकता का. तो म्हणाला होता, बायकोकडून शिकायचं म्हणजे रस्त्यात ओरडा खायचा, तो घरात मिळतोच की. दोघंही हसले होते आणि विषय तिथेच संपला होता.

मग तिचा आजार कमरेच्या हाडात उतरला. बाकीचे उपचार झाले, दुखणं राहिलं. सकाळी आठला एक आणि रात्री आठला एक अशी मॉर्फिनची गोळी सुरू झाली, हळूहळू विरघळणारी. पहिले काही आठवडे डॉक्टरीणबाईंनी गाडीला हात लावू दिला नाही. शरीराला सवय झाली, डुलक्या थांबल्या, डोकं साफ राहायला लागलं, तेव्हा हो म्हणाल्या. वर्षभर तिने त्या गोळीवर व्यवस्थित गाडी चालवली, शिकवली. आपल्याला दुखतंय हे विद्यार्थ्यांना कळूही दिलं नाही. डोळे जड वाटले की त्या दिवशी किल्ली खिळ्यालाच. हा तिचा नियम होता आणि तो तिने कधी मोडला नाही.

या वर्षी दुखणं वाढलं आणि गोळी पुरेना.

त्या दिवशी दवाखान्यात तिघे गेले. शिट्टी गाडी चालवत होता, ती त्याच्या शेजारी, आणि लॉन्ड्रीवाला मागे, गुडघे पुढच्या सीटला टेकवून, परत करायच्या कपड्यांच्या गाठोड्यासारखा. पुढे त्या दोघांची बोलणी चालली होती. कुणा शिकाऊ माणसाने चढावर अर्ध्या क्लचवर गाडी धरून ठेवली, धूर काढला, परीक्षकाने कपाळाला हात लावला. ती पोट धरून हसत होती. अर्धा क्लच म्हणजे काय, हे लॉन्ड्रीवाल्याला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आणि या वयात विचारायचं तरी कसं.

प्रत्येक स्पीडब्रेकरच्या आधी शिट्टी गाडी इतकी हळू करायचा की मागचे हॉर्न मारायचे. मग आधी पुढची चाकं, थोडं थांबून मागची. तिचं तोंडही वाकडं व्हायचं नाही. लॉन्ड्रीवाल्याला हे बघवत नव्हतं. बायकोला दुखू नये असं त्यालाही वाटायचं, पण ते दुसऱ्याच्या पायाने व्हावं हे सहन होईना.

दवाखान्यात नंबर पुकारला. ती उठताना आधार शोधायला लागली. शिट्टी जवळ होता, त्याने दंड पुढे केला. तिने मागे वळून विचारलं, "येताय ना?"

"तुम्ही दोघं आहात की," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "आत तिघांची गर्दी कशाला?"

तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. आणखी एकदा म्हणाली असती तर तो उठला असता, चप्पलही सरसावून बसला होता. ती म्हणाली नाही. दार लागलं. हात कसे धुवावेत याचं चित्रांचं पत्रक भिंतीवर होतं, ते त्याने सात वेळा वाचलं. आतून एकदा हसण्याचा आवाज आला. वीस मिनिटांनी दोघं बाहेर आली तेव्हा शिट्टीच्या हातात एक छापील कागद होता.

परतताना त्याने मागून विचारलं, "काय म्हणाल्या?"

"गोळ्या बंद. आता हा पॅच. खांद्याला चिकटवायचा, तीन दिवसांनी बदलायचा. औषध कातडीतून हळूहळू जात राहतं." तिचे डोळे मिटत होते. "अंगवळणी पडेपर्यंत गाडी बंद."

"दादा," शिट्टी आरशातून बघत म्हणाला, "एक गोष्ट तुम्हीच लक्षात ठेवायला हवी. डॉक्टर म्हणाल्या की त्या पॅचवर..."

"माझ्या बायकोचं काय असेल ते माझी बायको मला सांगेल."

सिग्नलला शिट्टीने हात लांबवून डॅशबोर्डचा कप्पा उघडला, कागद आत ठेवला आणि कप्पा लावून टाकला.

घरी येईपर्यंत तिला झोप लागली होती. दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं नाही. शिट्टीला जे आधी माहीत आहे ते मागून आपण विचारायचं, हे त्याला नको होतं.

पॅचने दुखणं बरंच मऊ केलं, पण झोप वाढवली. तोंडाला कोरड पडायची, नाकाला खाज सुटायची. चमचा हातात धरून ती बसल्या बसल्या डुलायची. बोलता बोलता मध्येच थांबायची. "त्या निळ्या शर्टाचं बटण..." एवढं म्हणून डोळे मिटायची, तो आपला इस्त्री सोडून वाट बघायचा, आणि पंधरा मिनिटांनी ती डोळे उघडून म्हणायची, "...तुटलंय, लावून द्या त्यांना." मध्ये वेळ गेला हे तिच्या गावीही नसायचं.

रोज सकाळी ती खिडकीत येऊन खाली गाडीकडे बघायची. "कधी चालवता येईल हो?" असं विचारायची. बाकी कशाबद्दल ती तक्रार करत नसे. जिना चढताना थांबावं लागतं, केस विंचरायला दुसरं माणूस लागतं, हे तिने मुकाट्याने घेतलं होतं. गाडी तेवढी हवी होती. "एकदा हातात चाक आलं ना, म्हणजे मी मीच आहे असं वाटेल," असं एकदा म्हणाली होती.

एक दिवसाआड शिट्टी बसने यायचा, तिच्याकडून गाडीची किल्ली घ्यायचा आणि तिला स्कूलच्या ऑफिसात न्यायचा. तिथे ती दोन तास बसून नव्या लोकांना रस्त्यावरच्या खुणा शिकवायची. डोळा लागला तर वर्गच तिला हळूच उठवायचा. ती किल्ली तिच्या हातातून शिट्टीच्या हातात जाताना लॉन्ड्रीवाला दुकानातून बघायचा. एकोणीस वर्षांत ती किल्ली त्याच्या हातात कधी आली नव्हती. आली असती तरी त्याने तिचं काय केलं असतं, हा प्रश्न वेगळा.

"आज मॅडम एकदम फॉर्मात होत्या, दादा," परत सोडताना शिट्टी सांगायचा.

"हो का," लॉन्ड्रीवाला म्हणायचा. "घरी आल्या की उतरतो तो फॉर्म."

त्याच्या हातात एकच गोष्ट उरली होती. शेक. फ्लॅनेलच्या कापडाची आठपदरी घडी करायची, तिच्यावर इस्त्री दाबून धरायची, हाताच्या पाठीला सोसेल इतकी गरम झाली की जिना चढून तिच्या अंगाला लावायची. हे दुसऱ्या कुणाला जमणारं नव्हतं, कुणाकडे एवढी जड इस्त्री नव्हती. गोळ्यांच्या दिवसांत तो तिला खांदा, पाठ, कंबर, सगळीकडे शेक द्यायचा. आता मात्र ती म्हणायची, "वर नको. कमरेलाच ठेवा."

"खांदा धरलाय म्हणालीस ना सकाळी?"

"म्हणाले. पण कंबरच बरी."

तो घडी खाली सरकवायचा आणि मनात म्हणायचा, खांदा आता आधार देणाऱ्यांसाठी राखून ठेवलाय वाटतं. एकदा ते तोंडातून निघूनच गेलं.

"काय म्हणालात?" तिने विचारलं.

"काही नाही. खाली एक कॉलर जळाली म्हटलं."

आणि कॉलर खरोखरच जळाली होती. इस्त्री तशीच ठेवून तो वर आला होता.

पॅच सुरू होऊन तीन आठवडे झाले तेव्हा दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. बायको न्हाणीघरात होती. फोन त्याने घेतला.

"डॉक्टरांनी चौकशी करायला सांगितलंय. दुखणं कसं आहे?"

"बरंच कमी आहे."

"दिवसा झोप येते? बोलता बोलता डोळा लागतो?"

त्याने खिडकीतून खाली बघितलं. शिट्टी यायची वेळ झाली होती. कोपऱ्यावरून तो येतानाही दिसला, हातात एक नवीन उशी, मधोमध भोक असलेली, कमरेखाली घ्यायची. डोक्यावर सगळे केस.

"छे," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "अजिबात नाही. एकदम खडखडीत असते."

"मग तुमच्या मिसेस विचारत होत्या तसं, जवळपास गाडी चालवायला डॉक्टरांची हरकत नाही. पण सोबत कुणी हवं. आणि जरा जरी सुस्ती वाटली तरी नाही म्हणजे नाही. आणि ते कागदावर लिहिलेलं सगळं पाळताय ना?"

"पाळतोय," तो म्हणाला. कुठला कागद ते त्याने विचारलं नाही.

फोन ठेवताना त्याला वाटलं होतं त्यापेक्षा फार हलकं वाटलं. खोटं बोलल्याची बोच लागली, नाही असं नाही, पण खाली जाऊन शिट्टीला ती बातमी सांगायची गोडी तिच्यावर मात करून गेली.

"उद्यापासून यायची तसदी घेऊ नका. परवानगी मिळाली तिला. आता आमची आम्ही जाऊ."

शिट्टीने उशी या हातातून त्या हातात घेतली. "परवानगी? परवा ऑफिसात दोनदा डोळा लागला होता, दादा."

"तुमच्या ऑफिसात कुणालाही लागेल."

वर तिला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा असा उजळला की त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. मग ती जराशी थांबली. "पण मी डुलते ना हो मधूनमधून? माझं मला कळत नाही, तुम्हीच बघत असता दिवसभर."

"कुठे डुलतेस? उगाच काहीतरी घेऊन बसतेस."

"नक्की?"

"नक्की."

तिने त्याच्याकडे बघून मान हलवली. तिचा त्याच्यावर विश्वास होता, आणि त्या क्षणी तेच त्याला जरा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी तो पहाटेच उठला. आज सगळं आपणच करायचं होतं. शिट्टीच्या टॉवेलाच्या, शिट्टीच्या उशीच्या तोंडात मारील असं काहीतरी. त्याने इस्त्री तापवली. ती कुशीवर झोपली होती, खांदा वर. आदल्या रात्रीच नवा पॅच लावलेला होता, त्यावर तिने पेनाने तारीख लिहिली होती. खांदा धरलाय म्हणायची आणि घ्यायची नाही. झोपेत कुठे नको म्हणते आता, असं म्हणून त्याने गरम घडी नीट खांद्यावर ठेवली, पॅचवरच. थंड झाली की दुसरी. असे त्याने तीन-चार फेरे केले. निघताना आणखी एक चांगली कडक तापवली, वर शाल गुंडाळली आणि ती गाडीत बसल्यावर सीट आणि तिचा खांदा यांच्यामध्ये खोचून दिली. दोन स्वेटर आणि शाल यांतून तिला ती जागा कळलीही नसावी. "छान उबदार केलंत," एवढंच म्हणाली.

मग तो वळसा घालून शेजारच्या सीटवर बसला. पहिल्यांदाच. त्याच्या पायांशी दोन पेडल होती.

"माझ्या जागेवर बसलात," ती म्हणाली. "आता शिकवा मला."

"हे काय आहे खाली?"

"क्लच आणि ब्रेक. त्यांना पाय लावायचा नाही. लोक घाबरून दाबतात आणि मागचा येऊन आदळतो. पाय मागे घ्या. आणखी मागे."

त्याने पाय सीटखाली ओढून घेतले. गाडी निघाली. पहिल्या गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर, ती अशी सहज चालवत होती की त्याला वाटलं, सगळ्या जगाने हे बघावं. स्कूलवरून जाताना तिने मुद्दाम हॉर्न दिला. शिट्टी फाटकात कुणालातरी काही सांगत होता, त्याने वळून बघितलं. लॉन्ड्रीवाल्याने हात वर केला, जसा सत्काराला चाललेला माणूस करतो तसा.

"बिचारा," ती म्हणाली. "तुम्ही त्याला उगाच टोचून बोलता."

"मी कुठे काय बोलतो?"

"त्याची बहीण होती ना, ती अशाच दुखण्याने..."

वाक्य तिथेच थांबलं. त्याला वाटलं, रस्त्याकडे लक्ष आहे म्हणून थांबली. रस्ता उताराचा होता, बाजूला कचेऱ्या, पुढे चौक. चौकाआधी एक रंगारी बुटक्या स्टुलावर बसून रस्त्यावर पांढरे पट्टे काढत होता, मागे एक शंकू ठेवून. गाडी त्या शंकूकडे हळूहळू सरकत होती. "काय त्याच्या बहिणीचं?" त्याने विचारलं आणि वळून बघितलं. तिची हनुवटी छातीला टेकली होती. हात चाकावरच होते.

"अगं," तो म्हणाला. मग पुन्हा, मोठ्याने. शंकू आडवा झाला.

त्याच्या पायांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. ते आपोआप सीटखालून निघाले आणि दोन्ही पेडलांवर, दोन्ही पूर्ण ताकदीनिशी रोवले गेले. गाडी गचका खाऊन थांबली. तो पुढे आपटला, ती पट्ट्यात लोंबली. काचेपलीकडे रंगारी स्टुलावर बसल्या जागी मागे वळून बघत होता. त्याच्या पाठीत आणि बंपरमध्ये ब्रश फिरेल एवढंच अंतर होतं.

तो सावकाश उठला. पाठ चाचपली. मग खिडकीशी आला.

"काका, हे पट्टे माणसांनी ओलांडायला काढतोय मी," तो म्हणाला. "गाडी ठेवायला नाही." मग त्याची नजर तिच्याकडे गेली आणि त्याचा सूर बदलला. "काकूंना काय झालंय?"

"झोप लागली."

"गाडी बंद करा आधी."

"मला येत नाही," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "पाय काढला तर गाडी जाईल ना पुढे?"

रंगाऱ्याने खिडकीतून हात घालून किल्ली फिरवली. हँडब्रेक त्यालाही ठाऊक नव्हता, तो सायकलवाला माणूस. उतार होता. शेवटी त्याने रंगाचे दोन भरलेले डबे चाकांपुढे लावले, आणि लॉन्ड्रीवाला तरीही पाय न काढता तसाच बसून राहिला.

ती हलवल्यावर डोळे उघडत होती आणि पुन्हा मिटत होती. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. श्वास संथ, फार संथ. फोन तिच्या पर्समध्ये होता. शिट्टीचा नंबर त्याने स्वतःकडे कधी ठेवला नव्हता. तिच्या फोनमध्ये आजवर केलेल्या फोनांची यादी उघडली. या यादीत काय काय असेल याची त्याने तीन आठवडे किती चित्रं रंगवली होती. घर, घर, घर, दवाखाना, घर, शिट्टी, घर. 'घर' म्हणजे त्याचा दुकानातला नंबर.

शिट्टीने दोन वाक्यांत सगळं ऐकून घेतलं. "शेक दिला होता का?"

"दिला. का?"

"कुठे?"

"खांद्यावर. अजून आहे."

"काढून फेका तो. शाल काढा, खांदा उघडा करा. उष्णतेने पॅचमधलं औषध भसाभस अंगात जातं. मी दवाखान्याला कळवतो आणि निघतो. तोवर झोपू देऊ नका, बोलतं ठेवा. श्वास थांबल्यासारखा वाटला तर सरळ अँब्युलन्स बोलवा."

त्याने घडी उपसून खिडकीबाहेर टाकली. अजून कोमट होती. खांदा उघडा केला तर पॅचभोवतीची कातडी लालबुंद. रंगाऱ्याने आपल्या बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवून दिलं. आता बोलायचं काय? घरची, दुकानाची एकही गोष्ट तोंडाशी येईना.

"अगं ऐक. अर्धा क्लच म्हणजे काय?"

तिच्या कपाळाला आठी पडली. "काय?"

"अर्धा क्लच. मला कधी कळलंच नाही ते. सांग ना."

"एकोणीस वर्षांनी विचारताय?" जीभ जड होती, पण शब्द कळत होते. "क्लच दाबला... की इंजिन सुटं होतं. चाकं सुटी."

"मग? झोपू नको. मग?"

"मग सोडायचा. हळू. एका जागी दोघं धरतात एकमेकांना. पूर्ण नाही. नुसते धरतात." ती थांबली. त्याने फडकं पुन्हा दाबलं. "तिथे पाय थांबवायचा. सोडायची घाई करायची नाही."

"पुन्हा सांग."

तिने पाच वेळा सांगितलं. पाचव्या खेपेला रंगाऱ्यालाही कळलं असावं, तो मान हलवत होता. शिट्टी एका विद्यार्थ्याच्या गाडीतून आला, त्याने हँडब्रेक ओढला आणि म्हणाला, "दादा, आता पाय काढा." पाय निघेनात. शिट्टीने खाली वाकून ते हातांनी उचलून बाजूला ठेवले.

दवाखान्यात या वेळी तो आत गेला, कुणी विचारण्याआधी. पॅच काढला, तिला निजवून बोटाला यंत्र लावलं, नर्स तिला अधूनमधून हाका मारत राहिली. दुपारनंतर तिचे डोळे नीट उघडे राहायला लागले. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, असं व्हायला नको होतं, सिस्टरने तर डुलक्या नाहीत असं लिहिलंय.

"ते मी सांगितलं," लॉन्ड्रीवाला म्हणाला. "खोटं होतं. ती पहिल्या दिवसापासून डुलतेय. रोज. आणि शेकाचं मला माहीत नव्हतं, कारण मी आत आलो नव्हतो. आणि हा सांगत होता तेव्हा मी सांगू दिलं नाही."

"खोटं का सांगितलंत?"

शिट्टी दाराशी उभा होता. बायको उशीवरून बघत होती. लॉन्ड्रीवाल्याने दोघांकडे बघितलं नाही. "तिला दुसऱ्या कुणी न्यावं-आणावं हे मला बघवत नव्हतं," तो म्हणाला.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरीणबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. मग तिच्याकडे वळून म्हणाल्या, "पुन्हा कमी मात्रेपासून सुरू करू. आणि गाडी आता नाही. या खेपेला किती दिवस ते मी सांगणार नाही. तुमचं दुखणं वाढणारं आहे, औषधही वाढेल. धरून चाला की नाहीच."

ती छताकडे बघत राहिली. तिचं चाक गेलं ते असं, आणि ते कुणी घालवलं हे खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतं बोलली. पाचव्या दिवशी तो शेक घेऊन वर आला, कमरेसाठी, आणि दारातच थांबला. द्यावा की नाही कळेना.

"द्या इकडे," ती म्हणाली. घडी कमरेला लावून घेतल्यावर बऱ्याच वेळाने म्हणाली, "मी डुलते हे मला अंधुक कळत होतं. तुम्ही नक्की म्हणालात म्हणून मी चाक धरलं. तो माणूस मेला असता."

"हो."

"शेकाचं मी सांगायला हवं होतं. वर नको, वर नको म्हणत राहिले. पूर्ण सांगितलं असतं तर तुम्ही शेकच बंद केला असता, मला माहीत आहात तुम्ही. मग तुम्ही काय केलं असतं दिवसभर?" तिने श्वास घेतला. "त्या बिचाऱ्यावर जळत बसला असता. तसेही बसलातच."

"त्याला तुला ताई म्हणायला काय होतं?"

आता मात्र ती हसली, कंबर धरून. "बहिणीला तो ताई म्हणायचा. ती गेल्यापासून कुणालाच म्हणत नाही." मग किल्ली उशाखालून काढून त्याच्यासमोर धरली. "दवाखान्यात न्यायला-आणायला माणूस लागणार आता, दर आठवड्याला. मला दुसऱ्या कुणी नेलेलं तुम्हाला बघवत नाही ना? मग शिका."

"तुझ्याकडून?"

"मी त्या ब्रेकवर पाय ठेवायच्या लायकीची राहिले नाही. त्याच्याकडून."

तसा तो शिकला. साठीला दोन वर्षं कमी असताना, ज्याचं तोंड बघवत नव्हतं त्याच्या शेजारी बसून. शिट्टी ओरडत नसे, शिट्टी मारायचा. पहिल्या दिवशी तर त्याने एवढ्या शिट्ट्या मारल्या की रस्त्यावरचं एक कुत्रं गाडीमागे लागलं. बायको मागच्या सीटवर बसायची, भोकाच्या उशीवर, त्याच्या जुन्या जागी, आणि मागून फोडणी घालायची. "अहो, ते गिअर आहे, इस्त्रीची मूठ नाही." पुढची दोघं काय बोलतात त्यावर कान ठेवणारं माणूस आता ती होती. पण तरीही लॉन्ड्रीवाल्याची नजर सारखी वरच्या आरशात जायची. ती हसतेय ती कुणाच्या बोलण्याला, हे बघायला.

शिट्टी वाजायची. "आरसा मागच्या गाड्यांसाठी असतो, दादा."

अडीच महिन्यांनी त्याला परवाना मिळाला. त्यानंतरच्या पहिल्या दवाखान्याच्या दिवशी शिट्टी सोबत आला, केवळ खबरदारी म्हणून. पॅचची मात्रा पुन्हा वाढली होती. परतताना ती मागे झोपून गेली, तोंड किंचित उघडं, नाकावर खाजवून आलेली लाली. लॉन्ड्रीच्या अलीकडच्या वळणावर तो मोठा स्पीडब्रेकर होता, ज्याच्यावर आजवर प्रत्येक खेपेला त्याला शिट्टी ऐकावी लागली होती.

त्याने लांबूनच गाडी हळू केली. मागच्याने हॉर्न दिला, देऊ दे. पुढची चाकं चढवली, उतरवली. तिथे क्लच अर्ध्यावर धरला. नुसता धरला, सोडायची घाई केली नाही. मग मागची.

आरशात बघितलं. ती तशीच झोपलेली होती.

शेजारी शिट्टी खिडकीबाहेर बघत होता. ओठ मिटलेले.